अनुभव धागा: पूर आला की आधी मंडळाची मुले येतात. त्याचे पुढे काय होते?

धागा मांडणारा, कारेलीबाग, बडोदे

26 ऑगस्ट 2024 ला, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, बडोद्यावर जो पाऊस कोसळला तो येथे कोणीही विसरलेला नाही. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट मानली जाते आणि त्या आठवड्यात काळा घोडा पुलाजवळ पाणी 35 फुटांच्या वर गेले होते. लष्कर आले आणि एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही आले, कारण त्यांची सहावी बटालियन जरोदला, म्हणजे आपल्या उशाशीच आहे. तरीही माझ्या जिन्याच्या पाचव्या पायरीपाशी पाणी असताना ज्याने खालून "काका, दूध हवे आहे का?" असे विचारले, तो आमच्या गल्लीतील गणेश मंडळाचा, बारावी नापास म्हणून ज्याला आम्ही सर्वांनी कधी ना कधी टोमणे मारले आहेत असा मुलगा होता.

या मुलांचे कौतुक भरपूर झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला वेगळे जाणून घ्यायचे आहे. संकटाच्या वेळी एखादे शहर बिनपगारी माणसांवर विसंबू लागते, तेव्हा त्या माणसांच्या घरावर, नोकरीवर आणि शेजारावर काय परिणाम होतो? मदत कोणापर्यंत पोचते आणि कोणाला ती चुकवते? पूर, आग, अपघात, मगर, काहीही चालेल. मात्र अनुभव स्वतःचा असावा.

गृहिणी, समा

माझे यजमान मंडळाचे खजिनदार आहेत. त्या वर्षी गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, त्यामुळे मंडपाचे बांबू, सुतळी आणि पाण्याची निळी पिंपे आधीच मैदानात येऊन पडली होती. 27 तारखेच्या सकाळी त्यांनी चार पिंपांची झाकणे घट्ट लावून त्यांवर बांबूंची चौकट बांधली आणि वर व्यासपीठाच्या फळ्या टाकल्या. पहिल्याच फेरीत तराफा कलंडला, कारण तिन्ही मुले एकाच कडेला उभी राहिली होती. मग वर फक्त आजारी किंवा म्हातारे माणूस बसवायचे आणि दोघांनी पाण्यात उतरून दोन बाजूंनी ढकलायचे असे ठरले. मगरीची भीती सर्वांनाच होती, म्हणून सर्वांत पुढे चालणारा मुलगा हातातला बांबू पाण्यावर आपटत जात असे. तो आवाज मला अजूनही पाऊस लागला की ऐकू येतो.

त्यांनी तीन दिवसांत चौतीस माणसे बाहेर काढली. त्याच तीन दिवसांत सासूबाई आणि मी, दोघींनी मिळून तळमजल्यावरील धान्य, गाद्या आणि मुलीची पुस्तके वर चढवली. फ्रिज आडवा होऊन तरंगत दारापाशी आला, तो मात्र आम्हाला उचलला नाही. सासूबाईंचे इन्सुलिन मी थर्मासमध्ये ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यातील बर्फ संपला. नवऱ्याचा राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पाणी उतरल्यावर शेजारच्या गल्लीतील एक बाई माझे दोन्ही हात धरून "तुमचे हे नसते तर" म्हणाल्या, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचेना.

आणखी एक गोष्ट. वर्गणीचे निम्मे पैसे दूध, बिस्किटे आणि मेणबत्त्यांवर खर्च झाले आणि त्या वर्षी मूर्ती लहान आणावी लागली. मंडळात त्यावरून जे दोन तट पडले, ते अजून एकत्र आलेले नाहीत.

लघुउद्योजक, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत)

वरच्या ताईंनी घरची बाजू लिहिली आहे, म्हणून मी मालकाची लिहितो. माझ्याकडे अकरा माणसांचा लेथचा कारखाना आहे. पुरात आमच्या शेडमध्ये पाणी आले नव्हते, तरी दोन चांगले ऑपरेटर पाच दिवस कामावर आले नाहीत, कारण ते वडसरच्या बाजूला अन्नाची पाकिटे पोचवत होते. मी त्यांचा पगार कापला नाही आणि माझ्या शेजारच्या कारखानदाराने त्याच्या माणसांचा कापला. आम्हा दोघांत कोणी फार चांगला किंवा फार वाईट नाही. त्याचे कर्जाचे हप्ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, एवढाच फरक. माल उशिरा गेल्याबद्दल ग्राहकाने बिलातून जी रक्कम वजा केली, ती पूरनुकसानीच्या कोणत्याही पंचनाम्यात बसत नाही. म्हणजे सेवा जरी फुकट दिसत असली तरी तिचा काही भाग माझ्या खात्यातून गेला आणि काही भाग त्या शेजारच्या कारखान्यातील मजुराच्या खिशातून गेला.

कबूल करायला बरे वाटत नाही, पण हल्ली कामावर घेताना एखादा मुलगा अभिमानाने "मी मदतकार्यात असतो" असे सांगतो, तेव्हा माझ्या मनात आधी सुट्ट्यांचा हिशोब सुरू होतो.

मगर पकडणारा स्वयंसेवक, फतेगंज

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे आणि गेली वीसएक वर्षे रात्री-अपरात्री मगरी पकडायला जातो. विश्वामित्रीच्या शहरातील पट्ट्यात आणि आसपास चारशेहून अधिक मगरी आहेत. नदी पात्राबाहेर आली की त्याही बाहेर येतात आणि पाणी ओसरले की कोणाच्या पार्किंगमध्ये, कोणाच्या बागेत अडकून पडतात. 2024 च्या पुरात तीन दिवसांत लोकवस्तीतून दोन डझनांच्या आसपास मगरी उचलल्या गेल्या.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वनखात्याच्या संमतीशिवाय तिला हात लावता येत नाही आणि पकडल्यावर ती त्यांच्याच ताब्यात द्यावी लागते. लांब काठीच्या फासाने मान अडकवायची, डोळ्यांवर ओले पोते टाकायचे, म्हणजे ती बरीच शांत होते, आणि मग जबडा बांधायचा. तिचा जबडा मिटण्याची ताकद भयंकर असते, पण उघडण्याची फार कमी असते, त्यामुळे एकदा दोरी बसली की प्रश्न शेपटीचा उरतो. माझ्या डाव्या मनगटाचे हाड शेपटीच्या फटकाऱ्यानेच मोडले. उपचाराचा खर्च सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिला. विमा नव्हता आणि आजही नाही.

लोकांवर झालेला परिणाम विचाराल तर मला तो असा दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पोचलो की लोक चहा करून आणत. आता पंचवीस मिनिटे लागली की "एवढा उशीर?" असे ऐकवतात. एका गृहस्थांनी तर "आम्ही कर भरतो" असे मला सुनावले होते. तो कर माझ्यापर्यंत येत नाही, पेट्रोलही माझेच असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांच्या दृष्टीने दारात काठी घेऊन आलेला माणूस म्हणजे सरकार. त्यांच्या फोनमध्ये माझा क्रमांक आहे, अधिकृत मदतवाहिनीचा नाही. उद्या मी फोन उचलला नाही तर ते कोणाला बोलावतील, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे आणि बहुतेकांनी आमच्याच दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याचे नाव सांगितले.

निवृत्त शिक्षिका, अकोटा

आमच्या सोसायटीत चौदा बंगले आहेत आणि त्यांपैकी नऊ बंगल्यांत केवळ साठीपुढची माणसे राहतात. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा कॅनडात आहेत. आमच्याकडे मंडळ नाही, त्यामुळे मंडळाची मुलेही नाहीत. पलीकडच्या वस्तीत दिवसातून दोनदा खिचडी येत होती. तिचा वास आम्हाला येत होता आणि आम्ही मात्र छत्तीस तास भिजवलेल्या पोह्यांवर काढले. कोणी मुद्दाम टाळले असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप फिरत होते, त्या गटात आमच्यापैकी एकही जण नव्हता, इतकेच. अखेर टोरांटोहून माझ्या भाच्याने त्याच्या शाळेतील मित्राला फोन केला आणि तो मित्र ट्रॅक्टर घेऊन आला. ज्या वस्तीला आम्ही वर्षानुवर्षे ढोल-ताशाच्या आवाजाबद्दल तक्रारी करून छळले होते, त्याच वस्तीतील तो निघाला. या वर्षी आम्ही न मागता वर्गणी दिली.

धागा मांडणारा

वरील अनुभव वाचून 2019 चे ते छायाचित्र आठवले. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि विश्वामित्री रेल्वे स्थानकाजवळच्या वस्तीतून एका पोलीस उपनिरीक्षकाने दीड महिन्याच्या बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, तो टब डोक्यावर धरून, गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर आणले होते. ते छायाचित्र आपण सर्वांनी पुढे पाठवले. तो पगारी, प्रशिक्षित आणि गणवेशातला माणूस होता, ते त्याचे कर्तव्यच होते, आणि त्याला काही झाले असते तर त्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळाले असते. समाच्या ताईंच्या यजमानांना काही झाले असते तर? कृपया या अंगानेही लिहावे.

होमगार्ड, वाडी

आम्ही या दोहोंच्या मधले आहोत. होमगार्ड 1946 मध्ये मुंबई प्रांतात सुरू झाले, ते नागरिकांची स्वयंसेवी संघटना म्हणूनच, आणि आजही आम्हाला पगार नसतो, तर ड्युटीच्या दिवसाचा भत्ता असतो. ड्युटी नसलेल्या दिवसांत मी ब्लाऊज शिवते. एक सांगते, गणवेश अंगावर असला की पाण्यात उतरलेल्या बाईचे माणसे ऐकतात. साध्या कपड्यांतील माझ्या नणंदेला त्याच पुरात कोणी जुमानले नाही.

टायर दुकानदार, गोल्डन चोकडी

माझा अनुभव थोडा उलट आहे, म्हणून लिहितो. वडिलांच्या काळी महामार्गावर अपघात झाला की जखमींना आम्हीच उचलत असू. दुकानात एक जुनी सतरंजी त्यासाठीच ठेवलेली होती. छोटा हत्ती, जीप, जे मिळेल त्यात घालून रुग्णालयात न्यायचे आणि मग पोलिसांच्या प्रश्नांना अर्धा दिवस द्यायचा. मानेला मार लागलेल्या माणसाला कसे उचलू नये हे आम्हाला कोणी शिकवलेले नव्हते, आणि त्यातून किती जणांचे नुकसान झाले असेल या विचाराने वडील म्हातारपणी अस्वस्थ होत.

गुजरातमध्ये 108 ची रुग्णवाहिका सेवा 29 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. आता लोक मदत करायचे सोडून देतील, असे तेव्हा आमच्या नाक्यावर बोलले जात होते. तसे घडले नाही. सतरंजी गेली, पण गर्दी मागे हटवणे, वाहतूक वळवणे, जखमीचा फोन घेऊन घरच्यांना नीट शब्दांत कळवणे, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरणे, ही कामे आम्ही आजही करतो, आणि कदाचित पूर्वीपेक्षा निर्धास्तपणे करतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि नंतर 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. सांगायचे ते इतकेच की पगारी व्यवस्था आल्यामुळे आमची माणुसकी आटली नाही, फक्त आमच्या हातून होणाऱ्या चुका कमी झाल्या.

सध्या मुलाकडे, न्यू जर्सी

मूळचा रावपुऱ्याचा. येथे येईपर्यंत माझी समजूत होती की अमेरिकेत सर्व काही पगारी असते. प्रत्यक्षात या देशातील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत आणि मुलाच्या गावातील बंबही शेजारचा नळदुरुस्तीवाला चालवतो. त्यांची अडचण दिवसाची आहे. स्वयंसेवक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेलेले असतात, त्यामुळे दुपारी आग लागली तर बंब आहे पण माणसे नाहीत अशी वेळ येते. अनेक गावांनी म्हणून दिवसापुरती पगारी माणसे नेमली आहेत. दुसरे असे की गावाचे अग्निशमन दल किती सक्षम आहे यावरून येथे घराच्या विम्याचा हप्ता कमीजास्त होऊ शकतो, म्हणजे स्वयंसेवक घटले तर त्याची झळ ज्याच्या घराला कधीच आग लागलेली नाही त्यालाही बसू शकते. मकरपुऱ्याच्या उद्योजकांनी लिहिलेला हिशोब येथे निदान कागदावर तरी दिसतो.

मंडळाचा सचिव, समा

पहिला अनुभव लिहिणाऱ्या काकूंच्या यजमानांबरोबर तराफ्यावर मी होतो. बांबू आपटणारा मीच. तटांबद्दल मी काही लिहिणार नाही.

2024 मध्ये आमच्याकडे पोहता येणारी नऊ मुले होती. 2025 चा पावसाळा सुरू होण्याआधी मी यादी नव्याने केली, तेव्हा चार उरली होती. दोघे कॅनडाला गेले, एक हैदराबादला नोकरीला लागला, एकाच्या आईने शपथ घातली आहे आणि एकाच्या पायाला त्या पाण्यात जो संसर्ग झाला त्यानंतर त्याला जास्त वेळ उभे राहता येत नाही. याच्या उपचाराचे पैसे आम्ही आरतीच्या ताटातून दिले. यादीत आता माझ्या धाकट्या बहिणीचे नाव आहे. ती येथील लालबागच्या तरणतलावात पोहायला शिकते आहे.

पिंपे आम्ही विकली नाहीत. सचिवाच्या, म्हणजे माझ्या, गच्चीवर ती पालथी घालून ठेवली आहेत आणि त्यांवर ऑइलपेंटने एक ते चार आकडे घातले आहेत. तीन क्रमांकाच्या पिंपाला उन्हाने चीर गेली आहे, ते बदलायला हवे.