‘एजा’ तीनदा ऐकली. गुळगुळीत आहे, पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय?

मंगळवारपेठकर:
पुण्यातल्या मित्रानं स्टीली डॅन ह्या अमेरिकन बँडची १९७७ ची ‘एजा’ (Aja) ही गाण्यांची रेकॉर्ड ऐकायला लावली. नावापासूनच घोळ. स्पेलिंग बघून मी ‘आजा’ वाचलं, तर आई विचारते, कुणाच्या आज्याची गाणी रे? उच्चार ‘एशिया’च्या जवळचा आहे, हे नंतर कळलं. सात गाणी, चाळीस मिनिटं, कुठं ओरखडा म्हणून नाही. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना वर छतात वाजत असतंय, तसलं वाटलं. मी झेपलिन, डीप पर्पल ऐकणारा माणूस. गिटार फाटली पाहिजे. इथं दोनदा डोळा लागला. माझं चुकतंय काय?

ग्राइंडरवाला:
भावा, चुकत काय नाही. मला पण आधी असंच वाटलेलं.

उद्यमनगरात माझं सरफेस ग्राइंडिंगचं छोटं शेड आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं ते खरबरीत, कधी वाळू चिकटलेली. मशीनिंग होऊन शेवटचा हात मारायला माझ्याकडं. नवं गिऱ्हाईक चकाकी बघून खूश होतं. जुनं गिऱ्हाईक विचारतं, आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, नाही ना? स्टीली डॅनच्या डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर ह्या जोडीनं उलटा कारभार केलाय. पोकळ जागा मुद्दाम ठेवल्यात आणि वरनं आरसा केलाय.

‘डीकन ब्लूज’ घे. सुरावट कशी, पावसानंतर रंकाळ्यावर गार वारं सुटावं तशी. आणि गाण्यातला गडी कोण? उपनगरातला एक हरलेला माणूस. सॅक्सोफोन शिकीन, मनाला येईल तसं वाजवीन, रात्रभर दारू पिऊन गाडीतच मरीन, ही त्याची स्वप्नं! मधला सॅक्सोफोन पीट ख्रिसलीबचा. रात्रीच्या टीव्ही शोच्या बँडमधला वादक. तो इतका सफाईदार वाजतो की वाटतं, ह्या बाबाच्या मनात स्वतःचं वाजवणं असंच ऐकू येत असणार. प्रत्यक्षात त्याला ‘सा’ तरी लागत असेल का, देव जाणे. मला ते गाणं कळायला चाळिशी यावी लागली.

‘होम ॲट लास्ट’मध्ये तर थेट ग्रीक महाकाव्यातला घरी परतणारा दर्यावर्दी ओडिसियस आहे, जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेतलेला. घरी पोचल्याचं गाणं, पण सुटका झाल्यासारखं वाटत नाही. तिथं ड्रमवर बर्नार्ड पर्डी आहे. त्याचा तो शफल, म्हणजे झुलता ठेका, प्रसिद्धच. मोठे ठोके मोजू नको. त्यांच्या मधे स्नेअर ड्रमवर जे पुसट पुसट घाव पडतात, नुसते काठी टेकवल्यासारखे, तिकडं कान लाव. ढोलकीवाला बोटांनी मधल्या जागा भरतो, तसंच. ते घाव काढले तर गाणं लंगडं होईल.

आणि गुळगुळीत म्हणतोस त्यात बोचणारं पण आहे. ह्यांची एक आवडती कॉर्ड आहे, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा जुडगा. सा-ग-प ह्या साध्या मेजरमध्ये रे घालायचा, गंधाराला अगदी खेटून. गोड लागते आणि किंचित टोचते. माझे वडील आमच्या कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकायला न्यायचे. अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचं अवघड गाणं ऐकून आम्ही पोरं पेंगायचो. अवघड जागा इतक्या सहज जायच्या की अवघड आहे हेच कळायचं नाही. (पेंगण्याला मात्र मटण जास्त कारणीभूत असायचं.)

आज रात्री एकच काम कर. ‘पेग’ लाव आणि फक्त चक रेनीचा बास गिटार ऐक. त्याला सांगितलेलं, तारेवर अंगठ्यानं फटके मारायचे नाहीत. हा पठ्ठ्या आडोसा करून, पाठ फिरवून बसला आणि फटके मारूनच वाजवला. आवडल्यावर मग कोण तक्रार करतंय? त्याच गाण्यातल्या गिटारच्या एका तुकड्यासाठी कितीतरी नामी वादक येऊन वाजवून गेले, एकाचंही ठेवलं नाही. शेवटी जे ग्रेडन नावाच्या गिटारवाल्याचं ठेवलं. आमच्यात असं गिऱ्हाईक आलं तर मी चहा पाजून परत पाठवीन.

साउंडवाला शाहूपुरी:
आम्ही सिस्टीम लावली की आधी हीच लावतो. बेसला मर्यादेत राहायला लावते. टॉपमध्ये झांज फाटत असली की लगेच पकडते. ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी उगाच नाही मिळालं. गेल्या वर्षी एका लग्नात चेकिंगला ‘ब्लॅक काऊ’ लावलं, तर नवऱ्या मुलाचे मामा आले, “हे काय, सनई कुठाय?” बंद केलं. गाणं कळतं का विचाराल तर नाही. पण आवाज भारी.

जुनी_कॅसेट:
ग्राइंडरवाल्यांशी अर्धी सहमत. स्टीली डॅन म्हणून ह्या दोघांनी १९७४ नंतर स्टेज सोडलं ते थेट १९९३ ला परत आले. ‘एजा’सारख्या रेकॉर्डी स्टुडिओच्या बंद खोलीतच झाल्या. त्यामुळं गाण्याला माणसांचा घाम लागत नाही, असं माझं मत. समोर कुणी चुकणारच नसेल तर जीव कुठं टांगायचा? अपवाद फक्त शीर्षकगीताचा. त्यात वेन शॉर्टर सॅक्सोफोनवर आणि स्टीव्ह गॅड ड्रमवर असे काही सुटतात की आरशाला तडा जातो. प्रश्नकर्त्या दादा, तेवढी आठ मिनिटं तरी जागे राहा.

मंगळवारपेठकर:
काका, ‘पेग’ ऐकलं. पहिल्यांदा बास सापडलाच नाही, फोनचा स्पीकर होता. भावाचा हेडफोन घेतला. फटके सापडले! मग ‘होम ॲट लास्ट’ लावलं आणि ते बारके घाव शोधत बसलो. जेवायला हाका मारून आई वर आली, हेडफोन कानाला लावून बघितला आणि म्हणाली, “हा तुझा आजा बरा वाजवतोय की.”
ताई, तुमची आठ मिनिटं जेवून झाल्यावर.