आल्याचं विरजण जोरात फसफसतंय पण बाटलीतला सोडा सपक, काय चुकतंय?

नवशिकी
महिनाभर घरी आंबवून सोडा करायचा खटाटोप चाललाय. सालासकट किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत घालून वर फडकं बांधलं, रोज एकेक चमचा आलं-साखर टाकत गेले, पाचव्या दिवशी मस्त बुडबुडे, ढवळलं की सुस्स आवाज येतो. इथपर्यंत ठीक. मग १ लिटर विकतच्या सफरचंदाच्या रसात त्यातलं पाव कप गाळून घातलं, बाटलीत भरून तीन दिवस ओट्यावर ठेवलं, उघडलं तर काही नाही! दोनदा असंच झालं. आणि अजून एक, यात अल्कोहोल होतं म्हणतात ते खरं का? मुलगी सहा वर्षांची आहे.

बुडबुडा
विरजण चांगलंय म्हणजे यीस्ट जिवंत आहे, तिथे काही करू नकोस. माझा संशय रसावर. पॅकवर बारीक अक्षरात सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट लिहिलंय का बघ, ते घालतातच मुळी यीस्ट वाढू नये म्हणून, मग तुझं यीस्ट तरी कसं वाढणार. दुसरं म्हणजे झाकण. जॅमच्या बाटलीत भरलं असशील तर गॅस हळूहळू निघून जातो आणि कळतही नाही.

नवशिकी
अगं पोटॅशियम सॉर्बेट!! चष्मा लावून वाचलं आत्ता. आणि हो, बाटली जॅमचीच 🙈

हिशेबी
रस बदलायच्या आधी एक हिशेब बघून घ्या, कारण आता खरंच गॅस होणार आहे. साखर आंबली की वजनाने साधारण अर्धी कार्बन डायऑक्साइड होते आणि अर्धी अल्कोहोल. दुकानातल्या सोड्याइतका फेस यायला लिटरमागे ७ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे १४-१५ ग्रॅम साखर आंबली की झालं काम. सफरचंदाच्या रसात लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे बाटली बाहेरच विसरलात तर यीस्ट थांबत नाही, ते खातच बसतं, आणि सगळी साखर संपायच्या कितीतरी आधी काच फुटते. म्हणून साधी काचेची बाटली अजिबात नको, चौकोनी तर नकोच.
मुलीचं उत्तरही यातच आहे. गॅस होतो तिथे अल्कोहोल होतंच, १५ ग्रॅम साखरेमागे लिटरला १ टक्क्याच्या जरा आत. बाहेर जितके दिवस राहील तितकं वाढणार. मी लहान मुलांना देत नाही, बाकी ज्याचं त्याने ठरवावं.

आळशी_आचारी
हिशेबी, एवढं गणित कोण करतं हो 😄 प्लास्टिकची सोड्याची बाटली घ्यायची, वर दोन बोटं जागा सोडून भरायची आणि रोज दाबून बघायची. दगडासारखी कडक झाली की फ्रिजमध्ये. गरम हवेत एका दिवसात होते, थंडीत चार दिवसही लागतात, त्यामुळे दिवस मोजण्यात अर्थ नाही. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, पण थांबत नाही, तेव्हा आठवड्याभरात पिऊन टाका. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. तळाशी पांढरा साका बसला तर घाबरू नका, ते यीस्टच, पण विरजणावर हिरवी-काळी लव दिसली तर वरवर काढत बसायचं नाही, सगळं फेकायचं.

नवशिकी
अपडेट: विकतचा रस सोडून दिला, साखरपाणी उकळून पूर्ण गार केलं, त्यात लिंबू पिळलं, विरजण घातलं आणि प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. दीड दिवसात बाटली अशी टणक की बोट रुतेना. धीर धरवला नाही, फ्रिजमध्ये न ठेवताच उघडली, अर्धा सोडा सिंकमध्ये आणि थोडा भिंतीवर. उरलेला मात्र काय चुरचुरतो!

बुडबुडा
अगं गार पाण्यात गॅस जास्त मुरून राहतो म्हणून तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. पुढच्या वेळी झाकण थोडं सैल कर, फेस वर आला की परत आवळ, असं चार-पाचदा. मुलीसाठी वेगळा साधा लिंबूसोडा कर.