हाफ मॅरेथॉन पळतो पण २५ मीटर पोहताना जीव जातो, ठाण्यात कोणी मोठेपणी नीट पोहायला शिकलंय का?

उपवनवाला

नमस्कार मंडळी. वय ४२, राहायला वर्तकनगर, सहा वर्षं झाली पळतोय, आठवड्यात उपवनच्या चकरा आणि रविवारी येऊरचा चढ हे ठरलेलं. हाफ १ तास ५२ मिनिटांत होते. फुशारकी म्हणून नाही सांगत, पुढचं किती लाजिरवाणं आहे ते कळावं म्हणून सांगतोय.

मागच्या महिन्यात आमचा रनिंग ग्रुप, नऊ जण, बदलापूरच्या पुढे एका फार्महाऊसवर गेलो होतो. ग्रुपमधल्या काकांची साठी होती. हे काका म्हणजे दहा किलोमीटरला दीड तास घेणार, आमचा चहा पिऊन होतो, दुसरा सांगून होतो, मग काका येतात. तर तिथे मोठा पूल होता आणि काका जे पाण्यात उतरले ते अर्धा तास बाहेरच नाही, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मधेच कडेला थांबून भज्यांची चौकशी, परत चालू. दम बिम काही नाही. भुसावळचे आहेत, म्हणे तापीत शिकलो. आणि आमच्यातला सगळ्यात फास्ट, फुल मॅरेथॉन ३:२५ वाला, तो पायरीवर पाय बुडवून बसला आणि म्हणाला मला सर्दी आहे. दोघी जणी शाळेत असताना दादरला तरणतलावात शिकलेल्या, त्या व्यवस्थित. एक जण मान वर काढून बेडकासारखा, चष्म्यासकट, केस पण भिजले नाहीत त्याचे. बाकीच्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फोटो काढले.

आणि मी. लहानपणी उन्हाळ्यात पंधरा दिवस क्लास केलेला, त्याच्या जोरावर फ्रीस्टाईल मारत निघालो, अर्ध्यात नाकातोंडात पाणी, कसाबसा दुसऱ्या टोकाला जाऊन कठडा धरून लटकलो. घड्याळ १६८ दाखवत होतं! येऊरच्या चढावर पण एवढी हार्टरेट जात नाही हो माझी.

तर प्रश्न असा की पळायचा सगळा स्टॅमिना पाण्यात जातो कुठे? कोच लावावा की व्हिडिओ बघून जमतं? आणि बेचाळिशीत न थांबता ७५० मीटर होऊ शकतं का, कारण मनात एक स्प्रिंट ट्रायथलॉन आहे (पोहणं, सायकल, पळणं एकापाठोपाठ, त्यातलं पोहणं ७५० मीटर). बायकोला अजून सांगितलेलं नाही.

विहीरबहाद्दर

मी मूळ तासगावचा, आता ऐरोली. आमच्याकडे पाठीला डबा बांधायचे आणि चुलता काठावरून ढकलून द्यायचा, आठ दिवसांनी डबा सुटला की झालं शिक्षण, मग दिवसभर मुटके, म्हणजे अंग मुडपून धपकन उड्या. तुमचे ते काका पोहत नव्हते ओ, ते पाण्यात पडून होते आणि अधूनमधून हात मारत होते. तुम्ही आधी उताणं पडायला शिका. कान पाण्यात, पोट वर, छाती भरून हवा, पाच मिनिटं काही न करता. ते जमलं नाही तर पुढचं सगळं झटापट आहे.

पण एक कबूल करतो. इथे सोसायटीच्या पुलात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं आता दाखवतो ह्यांना. दोन लॅपमध्ये फेस आला तोंडाला. मग लक्षात आलं, विहिरीत सलग दहा-बारा मीटरच्या वर कोण पोहतंय, काठ आला की थांबायचं आणि परत वर चढून उडी. वर लाईफगार्डने शिट्टी मारली की काका पाणी कमी उडवा. मला पण काका!

नेरूळ_ट्राय

दादा, तुमचीच गोष्ट माझी होती चार वर्षांपूर्वी, फक्त उपवनच्या जागी पामबीच रोड. सविस्तर लिहितो.

स्टॅमिना कुठेही जात नाही, तुम्ही तो उधळताय. पाणी हवेच्या साधारण ८०० पट दाट आहे, त्यामुळे पळताना जरा वाकडंतिकडं पळलं तरी चालून जातं, इथे अंग तिरकं झालं की सगळी ताकद पाणी ढकलण्यात जाते. आणि पळणाऱ्यांचं अंग तिरकं होतंच. छातीत फुप्फुसं असल्याने छाती तरंगते, पाय सडपातळ आणि नुसते स्नायू, ते खाली जातात. त्यात श्वासासाठी डोकं वर उचललं की कंबर अजून खाली. मग बुडणारे पाय वर ठेवायला आपण जोरजोरात लाथा मारतो, मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन खातात, आणि फ्रीस्टाईलमध्ये पुढे जायचं बहुतेक काम हातांचं असतं, त्यामुळे मिळत काहीच नाही. तुमचे १६८ तिथून आले.

दुसरं म्हणजे घोटे. वर्षानुवर्षं पळून घोटे इतके कडक होतात की पायाची बोटं मागे ताणलीच जात नाहीत, पावलं तळाकडे वळलेली राहतात, चालता ब्रेक. मी किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, घेऊन नुसते पाय मारले तेव्हा जागेवर होतो, नंतर हळूहळू मागे जायला लागलो, शेजारच्या लेनमधली सात-आठ वर्षांची पोरगी थांबून बघत होती. रोज वज्रासनात बसा, खूप फरक पडतो. आणि लाथ गुडघ्यातून नको, कमरेतून, छोटी.

पण सगळ्यात आधी श्वास. तुम्ही नक्की पाण्यात श्वास रोखून धरताय. मग तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात सोडायचा पण आणि घ्यायचा पण, दोन्ही अर्धवट. जीव घाबरतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे कमी आणि कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे जास्त. तोंड पाण्यात असेपर्यंत सतत बुडबुडे सोडत राहा, बाहेर आलं की फक्त घ्यायचा. आणि डोकं उचलायचं नाही, वळवायचं, एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. पहिला आठवडा कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून नुसतं हेच करा, लाज वाटली तरी.

मग २५ मीटर, अर्धा मिनिट आराम, परत २५. असे दहा. आपल्याला सवय असते की दम लागला तरी रेटायचं, इथे रेटलं की स्टाईल बिघडते आणि अजून दम लागतो, म्हणून आधी हळू. मला इतकं हळू की वाटायचं बुडेन. साडेतीन महिन्यांनी ४०० सलग झाले, आणि ४०० झाल्यावर १००० ला फक्त दोन आठवडे लागले, ते का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. नंतर गोव्याला मिरामारला हाफ आयर्नमॅनचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधल्या पोहण्याचे, १९०० मीटर पण झाले, ७० मिनिटांचा कटऑफ होता, मला ६१ लागली. तेव्हा ७५० होतील, वहिनींना सांगून टाका.

व्हिडिओ बघा पण कोच लावा, निदान महिनाभर. स्वतःचे पाय बुडतायत की नाही हे स्वतःला दिसत नाही. पुलबॉय मिळतो, मांड्यांमध्ये धरायचा तो फोमचा ठोकळा, त्याने पाय आपोआप वर राहतात, सुरुवातीला वापरून बघा म्हणजे सरळ अंग कसं वाटतं ते कळेल.

कोपरीकर_ताई

पुलबॉयची सवय लावू नका हो, कुबडी आहे ती. मी सहा महिने त्याच्याशिवाय पाण्यात उतरत नव्हते.

मी ४७ व्या वर्षी शिकले, पालिकेच्या तलावात लेडीज बॅचला. डॉक्टरचं सर्टिफिकेट, टोपी, नायलॉनचा कॉस्च्युम, आणि पाऊण तासाच्या बॅचमधली दहा मिनिटं शॉवरच्या लाईनीत. मे महिन्यात चुकूनही जाऊ नका, नुसती पोरं पोरं, पाणी दिसत नाही. जुलै-ऑगस्टला जा, लोकांना वाटतं पावसात कशाला पोहायचं, अर्धा तलाव रिकामा असतो.

पण कोच बघून घ्या. माझे पहिले सर (कुठले ते जाऊ दे) काठावर उभे राहून मोबाईल बघत एकच ओरडायचे, पाय मारा पाय मारा. मी पळणारी बाई, मला वाटलं पाय तर आपले दणकट, मारले. महिन्याभरात पोहणं नाही आलं, पोटऱ्यांना गोळे मात्र रोज. मग त्यांनी ब्रेस्टस्ट्रोक दिला तर गुडघा आतल्या बाजूने धरला आणि पळणंही बंद पडलं तीन आठवडे. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी त्या बेडूक किकचं जरा जपून.

दुसऱ्या बाई भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, भीती कशाची वाटते? मी म्हटलं पाय टेकत नाही त्या भागाची. तर त्या मला घेऊन तिथेच गेल्या, काठाला हात लावून उभं पोहायला शिकवलं, पाय टेकत नसताना नुसतं जागेवर राहायचं आणि गप्पा मारायच्या. आठवडाभर आम्ही तिथे लोणच्याच्या रेसिपीवर बोललो. त्यानंतर बाकीचं आपोआप सुटत गेलं. अजूनही फास्ट नाही मी, ५० मीटरला पावणेदोन मिनिटं, पण २० लॅप होतात.

घोडबंदर_घोडा

३:२५ वाल्याची सर्दी बरी झाली का? 😄

उपवनवाला

उशिरा लिहितोय, सगळ्यांचे आभार. साडेतीन आठवडे झाले. बुडबुड्यांचं एकदम बरोबर होतं, मी श्वास धरूनच पोहत होतो आणि मला माहीतच नव्हतं! पहिले चार दिवस नुसतं कठडा धरून बुडबुडे, शेजारी एक आजोबा विचारून गेले तब्येत बरी आहे ना. आता २५ चे आठ होतात, मधे ३० सेकंद थांबून, आणि परवा पहिल्यांदा ५० सलग झाले, हार्टरेट १४१. उताणं पडणं मात्र अजून जमत नाहीये, पाय जातातच खाली, विहीरबहाद्दर काय करू? वज्रासनात दोन मिनिटांच्या वर बसवत नाही.

कोच सध्या काकाच आहेत. त्यांना बुडबुडे वगैरे शास्त्र काही सांगता येत नाही, ते फक्त म्हणतात "घाई कुठेय तुला?" आणि शनिवारी घड्याळ काढून ठेवायला लावतात. आणि हो, सर्दीवाला पण यायला लागलाय. कोणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून इथे लिहितोय.

विहीरबहाद्दर

दोन्ही हात डोक्यामागे सरळ लांब करा, पाय आपोआप वर येतील. आणि हनुवटी छातीला नको, आभाळाकडे.

नेरूळ_ट्राय

१०० झाले की कळवा. आणि दादा, पावसाळ्यात उत्साहाने येऊरच्या ओढ्यात नाहीतर खाडीत प्रयोग नको, तिथे ना कठडा, ना तळाला काळी रेघ, आणि खाडीला भरती-ओहोटीची ओढ असते ती २५ मीटरवाल्याला विचारत नाही. ट्रायथलॉनच्या आधी ओपन वॉटरची प्रॅक्टिस लागेलच, तेव्हा ग्रुपने जाऊ, कमरेला बोया, म्हणजे तरंगता फुगा, बांधून. काकांना पण घेऊन या.