ग्रुप आहे की, मग स्वतःची साइट कशाला?

कडोलीचा वाटसरू:
परवा आमच्या वाचक ग्रुपवर एकानं लिहिलं, "सीमाभागातल्या मराठी लोकांसाठी वेगळी साइट काढणं म्हणजे पैसा नि वेळ दोन्ही मातीत. ड्रुपल, वर्डप्रेस असली साइट बनवायची सॉफ्टवेअरं शिकत बसण्यापेक्षा आहे त्या व्हॉट्सअॅपवर लिहा की." खाली अठरा अंगठे. लई लागलं मला ते, म्हणून हितं सविस्तर लिहितोय.

दोन वर्षांमागं त्याच ग्रुपवर येळ्ळूरच्या एका आजींनी बासमतीबद्दल सात-आठ व्हॉइस मेसेज टाकलेले. कुठल्या शिवारातला वास कसा, तरवा कधी टाकायचा, मळणीनंतर भात कसं ठेवायचं, सगळं. आजी आता न्हाईत. माझा फोन बदलला, मेसेज गेले. ग्रुपवर विचारलं तर कुणाकडंच न्हाईत. साइटवर लेख म्हणून चढवलं असतं, "भात" नि "येळ्ळूर" अशा खुणा लावल्या असत्या, तर आज कुणालाबी सापडलं असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूरला दरवर्षी साहित्य संमेलनं होतात, भाषणं होतात, कविता होतात, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन कॉलम येतात आणि संपलं. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासनं चाललीय, मिसळपाव ही दुसरी २००७ पासनं, दोन्ही ड्रुपलवर. तिथलं पंधरा वर्षांमागचं लिखाण आजबी वाचता येतं. आम्हाला का नको?

उद्यमबागवाला:
अण्णा, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण सॉफ्टवेअर फुकट म्हणजे साइट फुकट न्हवे. मी स्वतः २०१२ ला ड्रुपल ७ वर आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची साइट केलती, तीनशेवर पोरं होती. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपलमध्ये डेटाबेसमधनं हॅकर आत शिरतील असं भोक असल्याचं जाहीर झालं, आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ. पुढं ड्रुपलच्याच सिक्युरिटी टीमनं सांगितलं की सात तासांत पॅच, म्हणजे भोक बुजवायची दुरुस्ती, लावला नसेल तर साइट दुसऱ्याच्या हातात गेली असं धरून चाला. मी त्या रात्री सेकंड शिफ्टला, भट्टीपुढं. पॅच लावला चौथ्या दिवशी. साइटवर कसल्या कसल्या औषधांच्या जाहिराती. पोरं मला फोन करून शिव्या घालूलालती.

तेवढ्यावर भागलं न्हाई. ड्रुपल ७ वरनं ८ ला जायचं म्हणजे सरळ अपग्रेड न्हवतंच, सगळा मजकूर नव्या घरात हलवायचा, थीम, म्हणजे साइटचं रूप, ट्विग नावाच्या नव्या पद्धतीत पहिल्यापासनं लिहायची. मी न्हाई केलं. ५ जानेवारी २०२५ ला ७ चा सपोर्ट पण संपला. हे सगळं कोण करणार, तुम्ही?

कडोलीचा वाटसरू:
मग वर्डप्रेस घ्या, सभासदांसाठी बडीप्रेस हे त्याचं जोडसॉफ्टवेअर घाला, अपडेट आपोआप होऊ देत. मी ड्रुपलची शपथ घेतलेली न्हाई. मुद्दा एवढाच की मजकूर आपल्या हातात पाहिजे. ३० सप्टेंबर २०१४ ला गुगलची ऑर्कुट ही गप्पांची साइट बंद झाली तेव्हा आमच्या बेळगावच्या कम्युनिटीचं काय झालं ते तुम्हाला पण माहीत आहे. स्वतःचा डेटाबेस असला की कंपनी बदलली तरी फाइल उचलून दुसरीकडं ठेवता येते.

आणि तुमची साइट ड्रुपलमुळं गेली न्हाई, एकट्याच्या गळ्यात होती म्हणून गेली. पासवर्ड दुसऱ्या कुणाकडं होता?

उद्यमबागवाला:
न्हवता. पण आठ वर्षं मी एकट्यानं खिशातनं होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, भाडं भरलं, तेव्हा कुणी विचारलं न्हाई आणि आता हिशोब मागूलास.

टिळकवाडीची सुमन:
तुमचं सॉफ्टवेअर काय बी असूदे, संपादन कोण करणार ते आधी सांगा. मी एका मराठी साइटवर आईच्या आठवणी लिहिल्यात्या. आई म्हणायची, "काय करूलास गं, ये की जेवूला." तिथल्या संपादकांनी न विचारता केलं, "काय करत आहेस, ये जेवायला." माझी आई असं आयुष्यात कधी बोलली न्हाई. रडू आलं मला वाचून. त्यानंतर कुठंच लिहिलं न्हाई.

निपाणीचे मास्तर:
ताई, दुःख समजतं. पण १९५६ पासून आपण मराठीसाठी भांडतोय, शाळा टिकवायला घरोघरी फिरतोय, आणि आपणच "करूलाय" छापायचं? पोरं तेच पेपरात लिहितात आणि मार्क जातात. तेहतीस वर्षं मी वह्या तपासल्यात. लिखाण प्रमाण मराठीतच हवं.

टिळकवाडीची सुमन:
मास्तर, पोरांच्या वहीत आणि माझ्या आईच्या तोंडात फरक आहे का न्हाई? ज्या भाषेसाठी भांडलो ती कुठली, पुण्याची? आमच्या घरात जी बोलतात ती मराठी न्हवे काय?

निपाणीचे मास्तर:
मी पुण्याचं नाव घेतलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका.

खानापूरची वाट:
सुमनताईंच्या बाजूनं. आमच्याकडं रानातल्या झाडांना जी नावं आहेत ती शब्दकोशात न्हाईत. ती "शुद्ध" केली तर झाडच हरवतंय. मास्तरांनी एकदा जांबोटीला यावं आणि आमच्या म्हाताऱ्यांपुढं लाल पेन काढून दाखवावा.

निपाणीचे मास्तर:
ही भाषा बरी नव्हे.

उद्यमबागवाला:
भांडू नका, हे सेटिंगनं सुटतंय. ड्रुपलमध्ये "स्वतःचं संपादन" आणि "कुणाचंही संपादन" या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, दुसरी कुणालाच द्यायची न्हाई. आणि रिव्हिजन, म्हणजे जुन्या प्रती जपायची सोय, चालू ठेवलं की कुणी काय बदललं ते दिसतं, जुनं परत आणता येतं. सुमनताईंच्या त्या साइटवर हे असतं तर आईचं वाक्य एका क्लिकवर परत आलं असतं.

शोधाची अडचण मात्र खरी. कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगांव, कुणी बेळगावी. "ॲप"चा ॲ एकच अक्षर म्हणून २००८ ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आला, त्याआधीचे बरेच जण अ वर चंद्र देऊन लिहायचे. डोळ्याला दोन्ही सारखंच, मशीनला वेगळं. एकानं शोधलं तर दुसरं सापडत न्हाई. मग "करूलाय" शोधायला काय करायचं सांगा.

टिळकवाडीची सुमन:
लेखाखाली प्रमाण शब्द खूण म्हणून लावा. लेखाला हात लावू नका.

निपाणीचे मास्तर:
खुणा लावायचं काम मी करीन. संवाद बोलीत राहू देत, ते मला चालेल. निवेदनात मात्र ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मी लेखकाला कळवणार, बदलणार नाही, पण कळवणार.

खानापूरची वाट:
कळवा. ऐकायचं का न्हाई ते आमी ठरवू.

उद्यमबागवाला:
मला अजून पटलेलं न्हाई की हे दोन वर्षांपुढं चालेल. पण बॅकअप मी बघतो, दर रविवारी, आणि पासवर्ड तिघांकडं राहील, त्यातली एक सुमनताई. होस्टिंगची वर्गणी आधी जमवा, मगच मी हात लावणार.

टिळकवाडीची सुमन:
माझी वर्गणी घ्या. पहिला लेख आईचा टाकणार, जसा होता तसा.