बीपी १९०/१२०, झटका, दिसत नाही: एमआरआय नसताना प्रेस (PRES) कसं ठरवायचं?

प्रश्न: मेडिकल ऑफिसर, ग्रामीण रुग्णालय, मेळघाट
बाळंत होऊन सहा दिवस झालेली बाई, माहेरी आलेली. सकाळपासून डोकं ठणकतंय, दिसत नाही म्हणते, मग सर्वांगाला झटका. प्रेस (पोस्टिरियर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम, म्हणजे मेंदूच्या मुख्यतः मागच्या भागाला येणारी सूज) धरून चालावं का? सीटीसाठीच घाट उतरून अमरावती गाठावी लागते. निघण्याआधी काय करावं आणि बीपी किती उतरवावं?

उत्तर १: फिजिशियन
प्रेस असेलच बहुतेक, पण कागदावर एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी वाढून येणारे झटके) लिहा आणि उपचार सुरू करा. एमआरआयवाचून काही अडत नाही.

कुशीवर वळवा, ऑक्सिजन, सक्शन, शुगर. मग झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट. ५०% च्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. ४ अँप्यूल अधिक १२ मिली सलाईन, हे २० मिली शिरेतून किमान ५ मिनिटं घेऊन द्या. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम. एकूण १४ अँप्यूल, निघण्याआधी मोजून घ्या. पातळ न करता शिरेत देणं ही घाईतली नेहमीची चूक. पुन्हा झटका आला तर २ ग्रॅम शिरेतून. ४ तासांनी पुढचा डोस देताना गुडघ्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर पाय उडणं), श्वास १६ च्या वर आणि ४ तासांत १०० मिली लघवी, तिन्ही हवंच. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १०% १० मिली १०८ मध्ये हाताशी ठेवा.

बीपीला लॅबेटॅलॉल २० मिग्रॅ २ मिनिटांत, दर १० मिनिटांनी बीपी बघून ४०, मग ८०. दमा किंवा नाडी ६० च्या खाली असेल तर निफेडिपिन १० मिग्रॅ गिळायला. कॅप्सूल फोडून जिभेखाली नको, बीपी धाडकन कोसळतं. १९०/१२० चा सरासरी दाब १४३. पहिल्या काही तासांत चतुर्थांशापेक्षा जास्त उतरवायचा नाही, म्हणजे १५०/१०० ला थांबा. १२०/८० करायला गेलात तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

उत्तर २: रेडिओलॉजिस्ट, नागपूर
सीटी नॉर्मल आला तरी प्रेस नाही असं म्हणू नका. सीटीचं खरं काम रक्तस्राव बघणं. एमआरआयच्या फ्लेअरमध्ये (सूज उठून दिसणारी प्रतिमा) दोन्हीकडे, मागच्या भागात सूज दिसते. बाळंतिणीत मेंदूच्या शिरांतली गुठळी हा मोठा चकवा: एका बाजूची ताकद गेली किंवा बीपी उतरूनही झटके थांबेनात, तर व्हेनोग्राम (शिरांचा स्कॅन) मागाच. नावात ‘रिव्हर्सिबल’ असलं तरी उशीर झाला तर कायमचं नुकसान राहतं.

प्रश्नकर्ता
आभारी आहे सर. नायट्रोग्लिसरिनची ड्रिप आहे, चालेल का? आणि बाळंतीण नसेल तर?

उत्तर ३: इमर्जन्सी मेडिसिन
नायट्रो टाळा, मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढू शकते. फुप्फुसात पाणी नसेल तर लॅसिक्सही (लघवी वाढवणारं औषध) नको.

बाळंतीण नसेल तर किडनी, टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं), केमो विचारा. आपल्याकडे सिकलसेल विसरू नका: या आजाराच्या पेशंटचं बीपी मुळातच कमी असतं, त्यामुळे १४०/९० सुद्धा जास्त समजा, आणि नुकतं रक्त चढवलंय का तेही बघा. झटक्याला लोराझेपाम ४ मिग्रॅ, शीर सापडत नसेल तर मिडाझोलम १० मिग्रॅ दंडात किंवा मांडीत. पुढे लेव्हेटिरासिटाम ६० मिग्रॅ/किलो, कमाल ४५०० (किडनी खराब असेल तर पुढचे डोस कमी). फेनिटोइन वापरलंत तर सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये खडे धरतात. गडचिरोलीकडे मलेरियाची रॅपिड टेस्ट आधी; फवारणीच्या दिवसांत बाहुल्या बघा, टाचणीएवढ्या असतील तर कीटकनाशकाची विषबाधा समजा, वाट वेगळी.

रेफर चिठ्ठीवर मॅग्नेशियमची वेळ आणि ग्रॅम ठळक लिहा, नाहीतर तिकडे लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस पुन्हा पडतो.