‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणजे नक्की काय आलंय?

कुरडई
गेल्या आठवड्यात आईची कंबर धरली म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पेनाच्या टोकानं दोन जागा दाखवल्या. तेव्हापासून आई फोनवर सगळ्यांना सांगतेय, "मणक्यात गॅप आलाय." समोरचा आधी "अगं बाई!" म्हणतो, आणि मग त्याच्याही मणक्यात गॅप निघतो. आत्यानं तर गॅप भरून यावा म्हणून डिंकाचे लाडू पाठवलेत. माझा प्रश्न भाषेचा आहे. या गॅपला मराठीत काय म्हणायचं? फट, भेग, पोकळी? आणि मणका नि कणा एकच ना?

पालथा घडा
मी फिजिओथेरपिस्ट. हे वाक्य रोज कानावर पडतं. गंमत अशी की गॅप ‘येत’ नाही, असलेला कमी होतो. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. एक्स-रेवर हाड पांढरं उमटतं, गादी उमटत नाही. तिच्या जागी काळी, रिकामी पट्टी दिसते. धडधाकट माणसाच्या फिल्ममध्ये ही पट्टी चांगली रुंद असते. गादी झिजली की वरचा मणका खालच्यावर टेकायला येतो आणि पट्टी अरुंद होते. डॉक्टर म्हणतात, "इथला गॅप कमी झालाय." दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत ‘कमी’ गळून पडतं आणि ‘गॅप’ तेवढा घरी येतो.

त्यामुळे फटही नको, भेगही नको. सरळ ‘गादी झिजली’ म्हणा. गादी जागा सोडून बाहेर आली असेल तर ‘गादी सरकली’. हे पेशंट आपणहून म्हणतात आणि बरोबर म्हणतात. लाडू खुशाल खा, पण भरायला तिथं खड्डा नाही.

जुनी वही
कणा म्हणजे अख्खी माळ, मणका म्हणजे त्यातला एक मणी. मणक्यात मणी ऐकू येतोच. म्हणून ‘माणसाला कणा हवा’ असं म्हणतो, ‘मणका हवा’ असं नाही. उलट डॉक्टरांकडे कमरेचा चौथा मणका दुखतो, चौथा कणा नव्हे.

शाळेच्या पुस्तकातला ‘पृष्ठवंश’ मात्र मला फार आवडतो. यातला वंश कुळाचा नाही. संस्कृतात वंश म्हणजे बांबूसुद्धा. पाठीतला बांबू, पेरांसकट! ज्यानं हा शब्द घडवला त्यानं उघड्या पाठीवरून एकदा तरी बोट फिरवलं असणार. ‘कशेरुका’ हा शब्द मी परीक्षेनंतर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मोजायचेच तर लहानपणी मणके 33: मानेत 7, पाठीत 12, कमरेत 5, त्याखाली, म्हणजे त्रिकात, 5 आणि शेवटी बहुधा 4. वय वाढतं तसे त्रिकातले पाच सांधून एकच हाड होतं, ती त्रिकास्थी. शेवटचे चिमुकले मिळून माकडहाड. कमरेच्या पाचांवर वरच्या सगळ्या धडाचा भार असतो. महागाई आपलं कंबरडंच मोडते, मान किंवा पाठ मोडत नाही, ते उगीच नाही.

सीना-चाप
माकडहाड हा शब्द लहानपणी मला शिवी वाटायचा. मोरीत घसरून बसकण मारली आणि आजी म्हणाली, "माकडहाडाला लागलं वाटतं." मी तिच्यावरच चिडलो! शेपटीचा उरलेला अवशेष तो, हे शाळेत कळलं. नाव चपखल आहे, फक्त माकडाकडे शेपूट आहे आणि आपल्याकडे नुसतं हाड.

बाकीच्या हाडांची शिकवणी मटणाच्या दुकानात झाली. सीना मागितला की छातीचा भाग, त्यात ती पांढरी, चावता येणारी कुरकुरीत हाडं. चाप म्हणजे बरगडीसकट कापलेला तुकडा. पण बकऱ्याची ती चाप आणि माणसाची ती बरगडी, हा भेद आम्ही कटाक्षानं पाळतो. प्रश्न: बरगडी आणि फासळी यांत काही फरक?

पालथा घडा
ती कुरकुरीत म्हणजे कूर्चा. माणसातही बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला थेट चिकटत नाहीत, मध्ये कूर्चेचा तुकडा असतो. म्हणून श्वास घेताना पिंजरा फुलतो. बरगड्यांच्या 12 जोड्यांपैकी वरच्या 7 अशा स्वतंत्रपणे जोडलेल्या, पुढच्या 3 वरच्या कूर्चेच्या आधारानं, आणि शेवटच्या 2 पुढून मोकळ्याच. त्यांना ‘तरंगत्या बरगड्या’ म्हणतात. ‘बायकांना एक बरगडी जास्त’ हे कुणी इथं लिहिण्याआधीच सांगतो: नसते.

जुनी वही
अर्थाच्या दृष्टीनं फरक नाही. फासळी हिंदीतल्या पसलीची जवळची नातलग, मुळाशी संस्कृत पर्शु आणि पार्श्व, म्हणजे कूस. माझ्या कानाला भेद जाणवतो तो वापरात: उपाशी गुराच्या ‘बरगड्या मोजून घ्याव्यात’, पण मारामारीत ‘फासळ्या मोडतात’.

आणि बरगड्या 24 हे काही सगळ्यांनी मानलेलं नव्हतं. सुश्रुतसंहितेत एका कुशीत 36 हाडं सांगितली आहेत, दोन्ही मिळून 72. चरकसंहितेतही 72 च. चूक वाटते, पण तिथं प्रत्येक बरगडीबरोबर ती जिथं टेकते ते भागही वेगळे धरलेत. 24 ला तिनानं गुणा. हिशेब जुळतो, ‘एक हाड’ कशाला म्हणायचं यावर मतभेद.

कुरडई
सगळ्यांचे आभार. आईला नीट समजावलं, फिल्मवरची ती काळी पट्टीही दाखवली. तिला पटलं. संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा तिनं शब्द दुरुस्त करून सांगितलं, "अगं, गॅप कमी झालाय माझा."

मावशी म्हणाली, "चला, सुटलीस बाई! कुठलं औषध घेतलंस?"