भित्तिपत्रक की पोस्टर? एक शब्दचर्चा

विचारणा (खानापूर)

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पोस्टरांच्या छापील प्रतींचे छोटे प्रदर्शन मांडायचे आहे. त्यात पॅरिसची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची काही पोस्टरे आहेत आणि आपल्याकडच्या मूकपटांची काही. प्रत्येक चित्राखाली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पट्टी लावायची आहे. कन्नड पट्ट्या करणाऱ्या शिक्षकांनी ‘भित्तिपत्र’ हा शब्द लगेच सुचवला आणि तो त्यांच्या वाचकांना परिचितही आहे. मराठीत मात्र माझा हात अडला. ‘भित्तिपत्रक’ लिहावे, ‘पोस्टर’ लिहावे की ‘जाहिरात’? शिवाय ही चित्रे ज्यांनी केली त्यांना काय म्हणावे, आणि ‘विंटेज’ या शब्दाचे काय करावे?

उत्तर (शहापूर, बेळगाव)

आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण यात वस्तू एकच असली तरी प्रत्येक भाषेने तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. इंग्रजी ‘पोस्टर’च्या मुळाशी खांब आहे, म्हणजे ज्याला कागद लावायचा ती जागा. फ्रेंच ‘अफिश’च्या मुळाशी लावण्याची, चिकटवण्याची क्रिया आहे. पॅरिसच्या जुन्या भिंतींवर आजही 29 जुलै 1881 च्या कायद्याचा हवाला देऊन ‘अफिश लावण्यास मनाई’ असे रंगवलेले दिसते. आपण आणि कन्नड भाषकांनी भिंत धरली. ‘भित्ति’ हा संस्कृत शब्द ‘भिद्’, म्हणजे फोडणे, चिरणे, या धातूपासून आला आहे.

अडचण ‘भित्ति’त नाही, ‘पत्रक’ात आहे. हजेरीपत्रक, वेळापत्रक, अंदाजपत्रक, निषेधाचे पत्रक हे शब्द आठवून पाहा. मराठी कानाला ‘पत्रक’ म्हटले की मजकूर, रकाने आणि सही डोळ्यांपुढे येते, चित्र येत नाही. त्यातच आपल्या शाळा-महाविद्यालयांत ‘भित्तिपत्रकाचे उद्घाटन’ होते तेव्हा विद्यार्थ्यांचे हस्तलिखित लेख आणि कविता लावलेला फलक अभिप्रेत असतो. आपल्या पट्टीवर नुसते ‘भित्तिपत्रक’ वाचून एखाद्या विद्यार्थ्याचा तसा समज झाला, तर दोष त्याचा नाही.

‘जाहिरात’ हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘जाहीर’वरून आला, तो आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांत नांदतो आणि कन्नडात ‘जाहीरातु’ होतो. परंतु तो हेतू सांगतो, वस्तू सांगत नाही. वर्तमानपत्रातल्या चार ओळीही जाहिरातच असतात. ‘भित्तिचित्र’ तर येथे मुळीच वापरू नये. तो शब्द अजिंठ्यासारख्या, भिंतीवरच रंगवलेल्या चित्रांसाठी राखलेला आहे.

म्हणून माझे मत असे आहे की शीर्षकात ‘पोस्टर’ लिहावे आणि परिचयात एकदा ‘चित्रमय भित्तिपत्रक’ असा खुलासा करावा. आपल्याकडे खळीची बादली घेऊन फिरणारा माणूस पोस्टरच ‘मारतो’. हे क्रियापद कोशात या अर्थाने सापडो न सापडो, ते या धंद्याचे खरे क्रियापद आहे, आणि कन्नडातल्या ‘अंटिसु’ला, म्हणजे चिकटवण्याला, त्याच्यातला झपाटा नाही.

पुरवणी (निपाणी)

शुद्धलेखनाची एक गोष्ट येथेच नोंदवतो. सुटा शब्द ‘भित्ती’ असा दीर्घ लिहावा, पण समासात पूर्वपद ऱ्हस्व राहते, म्हणून ‘भित्तिपत्रक’. ‘भित्तीपत्रक’ हे रूप सर्रास छापले जाते, तरी पट्टीवर ते नको.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

आता कलावंताच्या नावाविषयी, आणि हाच भाग मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. फ्रेंचमध्ये ‘अफिशिस्त’ असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत त्याच धर्तीवर शब्द करू गेल्यास ‘भित्तिपत्रकार’ होतो आणि वाचक वार्ताहराच्या शोधात निघतो. ‘डिझायनर’साठीचा ‘अभिकल्पक’ हा पारिभाषिक शब्द यंत्राच्या आराखड्याला शोभेल, पण तो ऐकून कोणाच्या हातातला कुंचला दिसत नाही.

आपल्या माणसांनी स्वतःला काय म्हणवून घेतले, ते पाहावे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री (1890–1954) हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. ‘पेंटर’ हा व्यवसायवाचक शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला की मेस्त्री हे आडनाव मागे पडले. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि स्वतःच्या मूकपटांची पोस्टरेही स्वतः केली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी मानले जाते. ज्या शब्दाने आडनावाची जागा घेतली, तो शब्द हलका कसा म्हणावा? आज आपल्या गल्लीत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यालाही आपण आदराने ‘पेंटर’ अशीच हाक मारतो. तेव्हा बाबूरावांच्या पट्टीवर ‘पेंटर’ हाच शब्द ठेवावा आणि चित्रपटांची पोस्टरे रंगवणारे गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित असतील तेथे ‘चित्रकार’ लिहावे.

पॅरिसच्या मंडळींसाठी ‘पोस्टर-चित्रकार’ चालेल, मात्र त्यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे अक्षरे, विसरू नये. ज्यूल शेरे (1836–1932) किंवा आल्फोन्स मुखा यांच्या पोस्टरांत अक्षर आणि आकृती एकाच विचाराने बसवलेली दिसते. 1895 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये झळकलेले, सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीच्या ‘जिस्मोंदा’ नाटकाचे मुखाकृत उंच, अरुंद पोस्टर पाहिले की हे लक्षात येते. म्हणून ‘चित्र व अक्षररचना : आल्फोन्स मुखा’ अशी पट्टी मला सर्वांत न्याय्य वाटते.

छपाईच्या ओळीत ‘लिथोग्राफ’ऐवजी ‘शिळाछाप’ अवश्य लिहावे. हा जुना मराठी शब्द प्रक्रियाच सांगतो. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची, मग तेलकट शाई फक्त चित्रालाच धरते आणि ओल्या भागावरून सरकते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते, आणि थेट शिळेवर काम करताना अक्षरेही उलटी काढावी लागतात. एवढे दोन वाक्यांत सांगितले, तरी पाहणारा चित्राजवळ आणखी क्षणभर थांबेल.

‘विंटेज’ मात्र सोडून द्यावा. त्याचे मूळ द्राक्षांच्या तोडणीत आहे आणि तो अमुक एका हंगामाचा माल असे सुचवतो. आपण थेट वर्ष देत असताना त्याची गरज उरत नाही. ‘दुर्मीळ’ही नको, कारण आपण लावणार आहात त्या प्रती आहेत. ‘जुनी पोस्टरे’ पुरे.

विचारणाऱ्याचे उत्तर (खानापूर)

मनःपूर्वक आभार. पहिली पट्टी अशी ठरवली आहे : ‘जिस्मोंदा. नाटकाचे पोस्टर, पॅरिस. चित्र व अक्षररचना : आल्फोन्स मुखा. मूळ रंगीत शिळाछाप. येथे छापील प्रत.’ कन्नड पट्टीत ‘भित्तिपत्र’ तसेच राहील. ‘शिळाछाप’ हा शब्द मी त्या शिक्षकांना वाचून दाखवला. शिळा म्हणजे ‘कल्लु’ एवढे सांगताच त्यांनी ‘कल्लच्चु’ हा कन्नड शब्द पुढे केला आणि आपल्या पट्टीवर तोच लिहून घेतला.